बघायची मुभा

सासऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची आमच्याकडे पद्धत नाही. पदर नाकापर्यंत ओढायचे दिवस गेले. मी स्कूटीवर शाळेत जाते, मामांशी हळदीच्या भावावर आणि मतदानावर बरोबरीनं बोलते. पण बोलताना माझी नजर असते त्यांच्या हातातल्या पेल्यावर, ओसरीच्या खांबावर, फार तर त्यांच्या खांद्यापलीकडच्या गोठ्यावर. वसमतच्या या घरात नांदायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी मामांचं नाक सरळ आहे की बाकदार असं कुणी विचारलं असतं, तर मला आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारून सांगावं लागलं असतं. आणि मी शाळेत चित्रकला शिकवते.

त्यांचं जलरंगात चित्र काढायचं म्हटल्यावर पहिली हरकत त्यांचीच. "माह्या तोंडात काय ठिवलंय काढण्यासारखं? काढायचंच तर त्या गाईचं काढ, ती दूध तरी देती." पण बसले. ओसरीत, बाजेवर, ऊन अंगणात उतरायच्या आधी. धुतलेली टोपी घातली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि तलाठ्यासमोर बसावं तसे ताठ बसले. मी समोर पाट ठेवून त्यावर बोर्ड टेकवला, कागद ओला करून चिकटपट्टीनं ताणून घेतला, आणि मग मान वर केली. त्या क्षणी आम्ही दोघंही अवघडलो. ते गाईकडे बघायला लागले, मी पेन्सिलीच्या टोकाकडे. आत्याबाई आतून म्हणाल्या, "बघ ना आता, बघायलाच बसली ना तू?"

मुभा अशी मिळाली. आणि बघायला लागल्यावर कळलं की या माणसाच्या डाव्या कानाच्या पाळीला भोक आहे. लहानपणी टोचलेलं, आता बुजत आलेलं, मोहरीएवढं. उजव्या भुवईत एक तिरपी रेघ आहे, तिथे केस उगवलेला नाही. नाक सरळच आहे, फक्त शेंड्याशी किंचित डावीकडे झुकलेलं. खालचा ओठ वरच्यापेक्षा पुष्कळ फिका. आणि मध्ये कधीतरी घाम पुसायला त्यांनी टोपी काढली, तेव्हा कपाळ दोन रंगांचं निघालं. टोपीखालचं कपाळ उजळ, मऊ, जवळजवळ पोरसवदा. त्याच्या खाली जन्मभर शेतात करपलेला, तांब्यावर काळसर चढलेला चेहरा. दोन्हींच्या मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी. मी म्हटलं, "मामा, टोपी राहू द्या ना बाजूला." त्यांनी लगेच घातली. "टोपीबिगर फोटो असतो व्हय?" म्हणून त्या कपाळाचं चित्र झालं नाही. पण टोपीच्या काठाखाली मी त्या उजळ रंगाचा एक केसाएवढा पट्टा सोडला आहे. बघणाऱ्याला तो कापडाची सावली वाटतो. वाटू दे.

शाळेत मी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवते. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं आहे त्यात; समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढायला मात्र कुणी सांगत नाही. स्मरणचित्रात माणसं असतात, बाजारातली, पाणवठ्यावरची, जत्रेतली. मुलं मोठी हुशार. सगळी माणसं पाठमोरी काढतात, नाहीतर डोक्यावर घागर देऊन चेहरा तिच्या सावलीत टाकतात. घोटून घेतलेली युक्ती आहे ती, आणि खरं सांगायचं तर ती आम्ही शिक्षकच देतो. तोंड नसलेल्या माणसांचे बाजार रंगवून पोरं 'ए' ग्रेड घेतात. मीही अशीच घेतली होती.

जलरंग तसा आपल्याकडे मुख्यतः चेहऱ्यांसाठी आला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी शाळांत अफसरांना डोंगर, नदी, किल्ल्याचा तट जलरंगात उतरवायला शिकवत, कारण ते मुलखाची टेहळणी करायला उपयोगी पडे. आमच्या हिंगोलीतही निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. तिथे कुणा साहेबाच्या ट्रंकेत रंगांची पेटी असेलही. त्या पेटीतून एखाद्या मोतद्दाराची म्हातारी उमटली असेल असं मात्र मला वाटत नाही.

जलरंगाचा स्वभाव असा की त्यात पांढरं म्हणजे कोरा कागद. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका, नाकाच्या शेंड्यावरची चमक, पिकलेली मिशी, पांढरी टोपी, हे सगळं रंगवायचं नसतं, राखून ठेवायचं असतं. तेलरंगात काळं झालेलं उद्या पांढरं करता येतं. इथं कुठं हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं, मग ब्रश ओला करायचा. फिकट आधी, गडद नंतर. मामांच्या चेहऱ्याला पहिला वॉश यलो ऑकरचा, अगदी पाण्यासारखा, त्यात गालांशी चिमूटभर क्रिमसन. तो वाळला की बर्न्ट सिएना. तो वाळला की सिएनातच अल्ट्रामरीन मिसळून डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची सावली, हनुवटीखालचा गळा. प्रत्येक थर वाळायला थांबायचं. घाई केली की खालचा रंग उकलतो आणि गालावर चिखल होतो.

हे थांबणं आमच्या भागात ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कपाळाच्या एका टोकाला लावलेला वॉश दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वाळून कडा पडते, म्हणून काम पहाटे. श्रावणात तोच वॉश तासभर ओला राहतो, कागद फुगतो, आणि रंग आपल्या मनानं पसरत बसतो. आणि बोअरचं पाणी जड असेल तर अल्ट्रामरीनचे कण दाणेदार बसतात. पुस्तकं म्हणतात शुद्ध पाणी घ्या. म्हाताऱ्या कातडीसाठी मला बोअरचंच आवडतं. ते दाणे बसले की गालावर आपोआप रंध्रं दिसायला लागतात.

आणि थांबण्यात माणसं बोलतात. पहिला थर वाळेपर्यंत मामा ताठ होते, दुसऱ्याला कंटाळले, तिसऱ्याला समोर कुणी आपल्याला बघतंय हे विसरले. भुवईतली ती रेघ काढताना मी विचारलं, "हे कशाचं?" म्हणाले, "खडीचं." बहात्तरच्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. विशीतले होते. दगडाची कपची उडून भुवईत बसली. मुकादमानं तंबाखू दाबली, आणि ते पुन्हा कामावर बसले, कारण उठलं तर हजेरी बुडणार. मग मिलो ज्वारीची लाल भाकरी निघाली, सुकडीच्या रांगा निघाल्या, विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरणारी त्यांची धाकटी बहीण निघाली. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते, आणि खालचा ओठ जरा पुढे आला होता. मी पेन्सिलीनं काढलेला ओठ तसा नव्हता. मी कागदावरच्या रेघेवर विश्वास ठेवला नाही, समोरच्या ओठावर ठेवला आणि ब्रश तिकडे नेला. नवरा आतून चहा घेऊन आला तो दारातच उभा राहिला. भुवईची गोष्ट त्यालाही माहीत नव्हती. त्या भुवईखाली तो लहानाचा मोठा झाला.

माझ्या माहेरी हे असं जमलं नाही. माहेर नर्सीच्या बाजूला, कयाधूच्या खोऱ्यात, घरात तीन पिढ्यांची वारी. वडील, आण्णा, म्हणाले, "माझं कशाला, नामदेवाचं काढ." मी म्हटलं, नामदेवांना कुणी बघितलंय? नर्सी त्यांचं जन्मगाव, देवळात, कॅलेंडरवर, टेम्पोच्या काचेवर त्यांचं चित्र आहे. पण ते सगळे चेहरे नंतरच्या चित्रकारांनी मनानं रचलेले. आण्णांना ते पटलं नाही. त्यांच्या दृष्टीनं नामदेवांचा चेहरा त्यांना नीट ठाऊक आहे, संशय आहे तो स्वतःच्या चेहऱ्याबद्दल. शेवटी बसले, पण बाजूनं. समोर तोंड करीनात. औंढ्याला नागनाथाच्या देवळाबद्दल सांगतात की नामदेवांना कीर्तनाला समोर बसू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, आणि नंदी बिचारा मागच्या अंगाला राहिला. देऊळ फिरलं, आमचे आण्णा काही फिरले नाहीत. म्हणून त्यांचं चित्र एका डोळ्याचं, एका कानाचं, आणि कपाळावरच्या गोपीचंदनाच्या अर्ध्या नाममुद्रेचं आहे. मुद्रा आधी राखून ठेवली नव्हती. सावली वाळल्यावर ओल्या ब्रशनं रंग पुसून उचलली, आणि ती जरा फिसकटलेली आली. घामानं खरोखर फिसकटते तशीच. बुक्क्याचा ठिपका मात्र एकाच टेकवणीत.

आपल्या माणसाचं जलरंगातलं चित्र म्हटलं की मराठी माणसाला सावळाराम हळदणकरांना टाळून पुढे जाता येत नाही. सावंतवाडीचे, १८८२ सालचे. हातात समई घेतलेली ती तरुणी, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिथले पाहुणे ते चित्र सर्रास राजा रविवर्म्यांचं आणि तेलरंगातलं समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, आणि जलरंगातलं. समोर उभी राहिली होती ती हळदणकरांची मुलगी, गीता. चित्राची छापील प्रत मी भिंतीवर लावली आहे आणि मुलांना नेहमी तिचा हात बघायला सांगते. वारा लागू नये म्हणून ज्योतीपुढे धरलेला तो तळवा. उजेड बोटांच्या कडांतून आरपार येतो, मांस लालसर होतं, आणि तो उजेड म्हणजे कागदच, पातळ रंगाखालून बोलणारा. बापानं मुलीच्या बोटांकडे इतक्या बारकाईनं बघितलं. त्यासाठी चित्रकार असणं पुरतं का, मला शंका आहे. हळदणकर १९६८ मध्ये गेले. गीता उपळेकर कोल्हापूरला १०२ वर्षं जगून २०१८ मध्ये गेल्या, म्हणजे वडिलांनंतर पन्नास वर्षं. त्या पन्नास वर्षांत त्यांचा चेहरा म्हातारा होत गेला आणि भिंतीवरची दिवा घेऊन तशीच उभी. मला त्या बाईंना भेटून विचारायचं होतं की हात अवघडला होता का. राहून गेलं. चित्रकार वासुदेव कामतांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं मोठं पारितोषिक मिळालं, तेही पत्नीच्या चित्राला. घरचं माणूस हे फुकटचं मॉडेल, असं कुणी हसण्यावारी नेतं. पण ते सगळ्यात महाग मॉडेल आहे. चित्र झाल्यावर त्याच्याबरोबर जेवायला बसायचं असतं.

जेवायला बसल्यावर जे ऐकावं लागतं त्यातलं निम्मं रंगाबद्दल असतं. माझ्या नणंदेची मुलगी सावळी आहे. सावळी हा शब्द तिच्या आईनं वापरलेला, मी गडद म्हणेन. उन्हात तिच्या गालाच्या हाडावर आभाळाचा निळा उतरतो आणि मानेच्या बाजूला तांबूस होतो. असा चेहरा जलरंगाला सोन्यासारखा, कारण थरावर थर चढवायला वाव असतो. ऑकर, सिएना, वरून अल्ट्रामरीन आणि क्रिमसनचा जांभळा, आणि कपाळावर तेवढा कागद मोकळा. गोऱ्या चेहऱ्यात दुसऱ्या थरालाच हात आखडावा लागतो. चित्र बघून नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, एवढी काळी कुठंय ती? जरा उजळ करा, पोरीचं बघायचंय अजून." मी म्हटलं, या रंगात उजळ करता येत नाही, झालं ते झालं. तंत्राच्या आडोशानं खरं बोलायची सोय असते. एरवी आमच्या गावोगावचे फोटो स्टुडिओ एका बटणात पोरी गोऱ्या करून देतात, आणि लग्नाच्या अल्बममध्ये सगळा मराठवाडा पिठात लोळवून काढलेला दिसतो. रंगाच्या डब्यातसुद्धा 'अंगाचा रंग' म्हणून जी ट्यूब मिळते ती गुलाबी. ते अंग कुणाचं, हे आमच्या पाचवीतल्या पोरांनी विचारलं पाहिजे. ती विचारत नाहीत, गुलाबी आई काढतात. मी ती ट्यूब काढून घेते आणि म्हणते, आपला हात कागदावर ठेवा आणि तो रंग बनवा. वर्गात अर्धा तास बेफाम गोंधळ होतो. तेहतीस हातांचे तेहतीस तपकिरी.

भाचीनं ते चित्र मोबाइलवर डीपी म्हणून लावलं. तिच्या आईला विचारून नाही.

वसमतमध्ये राहून हळदीचा विषय टाळता येत नाही. माघ-फाल्गुनात गावाभोवती हळद शिजते, खळ्यावर पसरते, मग ढोलात घालून घासतात, आणि त्या दिवसांत बायकांच्या बोटांची पेरं, नखांच्या कडा, टाचांच्या भेगा सगळं पिवळं. २०२४ मध्ये 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. लोक मला हमखास सुचवतात, मॅडम, आपल्या हळदीनंच रंगवा की. मी रंगवून पाहिलंय. ओला असताना असा पिवळा दुकानात मिळत नाही. पण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. खिडकीशी ठेवलेला कागद बघता बघता फिका पडतो. चुन्याचं बोट लागलं तर लालभडक होतो, त्यातूनच तर पूर्वी कुंकू करत. म्हणून आत्याबाईंच्या हातांचा मी जो एक अभ्यास केला, हळद निवडतानाचा, त्यात हळद यलो ऑकर आणि कॅडमियम यलोची आहे. खरी हळद फक्त बोर्डाच्या कडेला लागली. उठताना त्यांनी हात टेकवला होता.

आता ज्या कामाला मला बोलावणं येतं त्याबद्दल. गावात कुणी गेलं की तेरव्याच्या आत फोटो लागतो. म्हाताऱ्या माणसाचा फोटो बहुधा एकच असतो, आधार कार्डावरचा. डोळे विस्फारलेले, कान पुढे आलेले, मागे पांढरा पडदा, तोंडावर समोरून मारलेला उजेड. स्टुडिओवाला तोच मोठा करतो, सदऱ्याच्या जागी दुसऱ्याचा कोट लावतो, आणि त्याला हार पडतो. मग कुणीतरी तोच फोटो घेऊन माझ्याकडे येतं. "मॅडम, यात बाप दिसत नाही हो आमचा." बरोबर बोलतात. आमच्या देवघरातल्या चांदीच्या टाकांवर पूर्वजांचे चेहरे असतात, पण ते कुणाचेच नसतात, सोनारानं ठोकलेले दोन डोळे आणि एक नाक. त्याची कुणाची तक्रार नसते, कारण तिथे दिसण्याची अपेक्षाच नाही. फोटोनं ती अपेक्षा लावली आणि आधारच्या फोटोनं ती मोडली.

अशा वेळी मी फोटो बाजूला ठेवते आणि घरच्यांना विचारते, ते बसायचे कसे? पहिलं उत्तर हमखास निरुपयोगी असतं: लई साधा माणूस होता. दुसरं येतं ते अंगातून. एकदा एक मुलगा सांगत होता, "आबा ऐकताना मान अशी करायचे," आणि त्यानं स्वतःची मान उजवीकडे कलती करून हनुवटी आत घेतली. शेजारी बसलेली त्याची आत्या रडायला लागली. मी त्याला म्हटलं, तसाच बस. चित्र मी त्याची मान बघून काढलं, डोळे आत्याचे बघून. कार्डावरून फक्त मिशी घेतली. हे प्रामाणिक आहे का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. मला त्यात अप्रामाणिक काही दिसत नाही. इजिप्तमध्ये फायूमला दोन हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या फळीवर चेहरे रंगवून ते ममीच्या तोंडाशी बांधत. त्यातली कितीतरी माणसं इतकी जिवंत बघतात की ती चितारताना समोर कुणीतरी बसलंच असेल. समोर कुणीतरी बसावं लागतं. ज्याचं चित्र तोच बसला तर उत्तम, नाही तर त्याचं रक्त बसू दे.

पैसे मी घेत नाही, पण अटी घालते. चित्राला काच हवी, काचेला कागद चिकटता कामा नये, उन्हाच्या भिंतीवर टांगायचं नाही, आणि उदबत्ती खाली लावायची नाही. पहिल्या तीन अटी लोक पाळतात.

मामांचं चित्र ओसरीतून आतल्या खोलीत गेलं, कारण पश्चिमेचं ऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आत नेऊन दाखवतात आणि म्हणतात, "सूनबाईनं काढलंय. भुवई बघा." मग बहात्तरची गोष्ट सांगतात. गोष्ट आता थोडी मोठी झाली आहे. कपची बोटाएवढी झाली आहे, मुकादमाचं नावही आलं आहे.

आत्याबाई इतके दिवस फक्त हात द्यायला तयार होत्या, चेहरा नाही. "दात गेले माहे, आता काय काढतीस." शेजारच्या काकूंचा तेरवा झाला, तिथे तो कार्डावरचा फोटो त्यांनी बघितला, आणि रात्री भांडी घासताना म्हणाल्या, "माहं काढून ठिव. मेल्यावर ते कार्डाचं लावू नका." आणि मग त्यांच्या अटी सुरू झाल्या. डोरलं दिसलं पाहिजे. पाटल्याही दिसल्या पाहिजेत, मग चेहऱ्याच्या चित्रात हात कुठून आणायचा ते माझं मी बघावं. लुगडं हिरवं, मोतीचुराच्या काठाचं, जे पेटीत आहे. कुंकू मोठं. तोंड मिटलेलं. आणि हळद ढोलातून निघेपर्यंत वेळ नाही. मी म्हटलं, तोवर ऊन चढेल, वॉश वाळून कडा पडतील. त्या म्हणाल्या, "मग पहाटं उठ. मी काय रोज आठला उठती?"